आई-बाबांचा अमेरिकेचा व्हिजिटर व्हिसा : अर्ज त्यांचा, धावपळ तुमची

अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं, शपथ झाली, निळा पासपोर्ट हातात पडला, की आई-बाबांना बोलवायचे बेत सुरू होतात. त्याबरोबर एक समजूतही घरात शिरते : पोरगा सिटिझन झाला, आता व्हिसाला कोण अडवतंय? मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हे वाक्य दर उन्हाळ्याआधी कोणीतरी टाकतंच. कायद्यात त्याला काडीचा आधार नाही. व्हिजिटर व्हिसा, म्हणजे बी-१/बी-२, हा ज्याला प्रवास करायचाय त्याचा स्वतःचा अर्ज असतो. मुलगा नागरिक असो, ग्रीन कार्डवर असो की एच-१बीवर, वकिलातीतल्या खिडकीपलीकडचा मुलाखत घेणारा अधिकारी एकच गोष्ट जोखत असतो : समोर उभ्या असलेल्या या बाई, हे गृहस्थ, मुदत संपायच्या आत आपल्या घरी परत जातील का?

अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याचं २१४-बी कलम तर उलट्या बाजूने सुरू होतं. अर्ज करणारा प्रत्येक जण कायमचा राहायलाच येतोय असं ते गृहीत धरतं, आणि तसं नाही हे पटवून देण्याची जबाबदारी अर्जदारावर टाकतं. म्हणून तुमचा पगार, तुमचं घर, तुमचा टॅक्स रिटर्न यांची फाइल जाडजूड करण्यात जी मेहनत जाते, तीच आई-बाबांचा फॉर्म नीट भरण्यात आणि त्यांच्याशी बोलण्यात घालवा. खाली सगळं त्याच अंगाने सांगितलं आहे.

आधी ठरवा : भेट की मुक्काम?

हा प्रश्न फॉर्म उघडण्याआधी घरात मोकळेपणाने बोलून घ्या. आई-बाबा थकले आहेत, तिकडे कोणी पाहणारं नाही, त्यांना इथेच ठेवायचंय, असं असेल तर व्हिजिटर व्हिसा हा रस्ता नव्हे. वयाची २१ वर्षं पूर्ण केलेला अमेरिकी नागरिक आई-वडिलांच्या ग्रीन कार्डसाठी आय-१३० हा अर्ज करू शकतो. कायद्याच्या लेखी ते ‘इमिजिएट रिलेटिव्ह’, म्हणजे अगदी जवळचे नातेवाईक, असतात आणि या वर्गाला वार्षिक कोट्याची मर्यादा नाही. ग्रीन कार्डधारकाला मात्र आई-वडिलांसाठी हा अर्ज करता येत नाही. सासू-सासऱ्यांसाठीही तुम्हाला करता येत नाही. तुमची बायको किंवा नवरा नागरिक असेल तर तिने किंवा त्याने तो करायचा.

‘व्हिजिटरवर आणू, इथे आल्यावर ग्रीन कार्डला टाकू’ हा सल्ला फुकटात मिळतो आणि फार महागात पडू शकतो. मुलाखतीला ‘फिरायला चाललोय’ म्हणताना मनात कायमचं राहणं असेल, तर ती सरकारची दिशाभूल ठरते, आणि दिशाभुलीचा शिक्का बसला की अमेरिकेचं दार जवळपास कायमचं बंद होतं.

भाऊ-बहिणीचं थोडं वेगळं. नागरिकाला भावंडांसाठीही आय-१३० करता येतो, पण भारतातल्यांसाठी ती रांग दीड दशकाहून लांब आहे. दादासाठी तो अर्ज तुम्ही कधीकाळी केला असेल आणि आता दादाला महिनाभर फिरायला बोलवायचं असेल, तर व्हिजिटरच्या फॉर्ममध्ये ‘तुमच्यासाठी कोणी इमिग्रंट पिटिशन केली आहे का?’ या प्रश्नाला ‘हो’च लिहायचं. ती नोंद अधिकाऱ्याला समोर दिसतेच. ‘हो’ लिहून व्हिसा मिळालेले लोक असतात. ‘नाही’ लिहून सापडलेल्याला सावरायला जागा उरत नाही.

पासपोर्ट हातात घ्या आणि नाव वाचा

मराठी घरांत सगळ्यात जास्त घोळ इथे असतो, म्हणून इथे जरा थांबू.

आपल्या पासपोर्टवर आडनाव वेगळ्या ओळीत असतं आणि दुसऱ्या ओळीत स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. म्हणजे आईच्या पासपोर्टवर त्या ओळीत ‘शैलजा मधुकर’ असेल, तर व्हिसाच्या फॉर्ममध्येही त्याच खान्यात ‘शैलजा मधुकर’ असंच जायला हवं. मधलं नाव गाळायचं नाही, वेगळं काढायचं नाही. विमानाच्या तिकिटावरही तेच. काहींच्या पासपोर्टवर आडनावाची ओळच रिकामी असते. तिथे आहे ते नाव आडनावाच्या खान्यात टाकून, नावाच्या खान्यात ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन) लिहायचं असतं.

मग येतं लग्नाआधीचं नाव. ‘तुम्ही याआधी दुसरं कुठलं नाव वापरलं आहे का?’ असा प्रश्न फॉर्ममध्ये असतो. आपल्याकडे पासष्टी-सत्तरीतल्या कितीतरी बायकांचं आडनावच काय, नावसुद्धा लग्नात बदललेलं असतं. ताटातल्या तांदळांत अंगठीने लिहिलेलं ते नवं नाव पुढे रेशनकार्डावर, बँकेत, पासपोर्टवर गेलं. शाळेच्या दाखल्यावर मात्र माहेरचंच राहिलं. आईला विचारा, ‘शाळेत तुझं नाव काय होतं?’ आणि ते पूर्ण नाव त्या खान्यात लिहा. यात लपवण्यासारखं काही नाही. पुढेमागे ग्रीन कार्डचा अर्ज करायचा झाला आणि जन्माचा पुरावा म्हणून माहेरच्या नावाचा दाखला काढावा लागला, तर आज लिहिलेली ही एक ओळ तेव्हा बरीच धावपळ वाचवेल.

जन्मतारखेचंही तसंच. गावाकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून लिहिली, खरी तारीख पत्रिकेत. फॉर्ममध्ये पासपोर्टवरची तारीख लिहा आणि बाबांना बजावून ठेवा की मुलाखतीत ‘तशी खरी तारीख वेगळीच आहे’ ही गोष्ट सुरू करायची नाही.

पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने शिल्लक हवी. नसेल तर आधी पासपोर्ट नवा करा. जुना पासपोर्ट टाकून देऊ नका. आधीचे व्हिसे असतील तर ते कामाला येतात.

डीएस-१६० : खरी परीक्षा हीच

डीएस-१६० हा ऑनलाइन फॉर्म. प्रत्येकाचा वेगळा, आईचा वेगळा आणि बाबांचा वेगळा. अधिकाऱ्याने फॉर्म वाचलेला असतो, आणि मुलाखत दोन-तीन मिनिटांची असल्यामुळे त्याचं बरंचसं मत या फॉर्मवरूनच बनतं.

सुरू करताच अॅप्लिकेशन आयडी मिळतो, तो लगेच लिहून घ्या. वीस मिनिटं काही हालचाल केली नाही तर पान बंद होतं, म्हणून मधून मधून सेव्ह करत राहा. नावाच्या पानावर ‘मातृभाषेच्या लिपीत पूर्ण नाव’ असा एक खाना आहे. तिथे देवनागरीत नाव लिहायचं असतं. अख्ख्या फॉर्ममध्ये आई-बाबांना आवडणारी ही एवढीच जागा.

बहुतेक घरांत फॉर्म मुलगा किंवा सून भरते. त्यात गैर काही नाही. शेवटी ‘फॉर्म भरायला कोणी मदत केली का?’ असा प्रश्न येतो, तिथे ‘हो’ म्हणून आपलं नाव द्यायचं. सही करून पाठवायचं बटण मात्र आई-बाबांनीच दाबायचं असतं. व्हिडिओ कॉलवर स्क्रीन दाखवत, प्रत्येक उत्तर मराठीत वाचून दाखवत फॉर्म भरा. एक रविवार जाईल, जाऊ दे. गल्लीतल्या एजंटाला पैसे देऊन फॉर्म भरून घेणं मला अजिबात पटत नाही. तो सगळ्यांना एकाच साच्यात बसवतो, वाटेल ते टाकतो, आणि खिडकीसमोर त्याचा जाब आई-बाबांना द्यावा लागतो.

आता अडणाऱ्या जागा. व्यवसायाच्या खान्यात निवृत्त असतील तर निवृत्त, घर सांभाळत असतील तर गृहिणी, शेती करत असतील तर शेती. गेल्या पाच वर्षांतली नोकरी वेगळी विचारतात. कामाचं वर्णन मोघम नको; ‘सरकारी नोकरी’ लिहिण्यापेक्षा ‘जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक’ असं लिहा. किती दिवस जाणार, या खान्यात उगाच सहा महिने टाकू नका. अडीच महिने राहायचा बेत असेल तर अडीच महिनेच लिहा, कारण हाच प्रश्न पुन्हा तोंडी येणार आहे. तारीख अंदाजे चालते.

खर्च कोण करणार? तुम्ही करणार असाल तर तुमचं नाव लिहा. त्यात कमीपणा नाही आणि त्यामुळे व्हिसा नाकारलाही जात नाही. बाबा पेन्शनमधून तिकीट काढणार असतील तर ‘स्वतः’ लिहा. जे खरं ते.

अमेरिकेतले नातेवाईक : तुम्ही, तुमची बहीण, जो कोणी असेल तो, ज्याच्या त्याच्या स्टेटससह. ‘जास्त नातेवाईक दाखवले तर रिजेक्ट करतात’ म्हणून लेकीला गाळणारे महाभाग असतात. असं करू नका. व्हिसा पूर्वी नाकारला होता का, यावरही प्रामाणिक उत्तर द्या, मग ती गोष्ट वीस वर्षांपूर्वीची का असेना. गेल्या पाच वर्षांतले फोन नंबर, ईमेल आणि सोशल मीडियाची खातीही विचारतात. बाबांचं फेसबुक खातं नातवाने उघडून दिलेलं असलं तरी ते बाबांचंच.

एका ठिकाणी ‘तुम्ही एखाद्या क्लॅन किंवा ट्राइबचे आहात का?’ असा प्रश्न आहे. त्याचा जातीशी किंवा कुळाशी संबंध जोडून कोड्यात पडू नका. शेवटच्या पानांवर दहशतवाद, अपहरण, हेरगिरी असे प्रश्न येतात. बाबा हसतील, पण प्रत्येक प्रश्न वाचूनच टिक करा. घाईत एक ‘हो’ पडला की पंचाईत. फॉर्म एकदा पाठवला की दुरुस्ती होत नाही, नवा भरावा लागतो. बारकोड असलेलं कन्फर्मेशनचं पान छापून ठेवा, आणि अपॉइंटमेंटला जोडलेला नंबर त्याच फॉर्मचा आहे याची खात्री करा. नवा फॉर्म भरून जुन्याच नंबरवर गेलेल्यांना दारातून परत पाठवतात.

फोटो दोन इंच बाय दोन इंच, मागे पांढरं, गेल्या सहा महिन्यांतला. २०१६ च्या नोव्हेंबरपासून चष्मा चालत नाही. बाबा गांधी टोपी घालत असतील तर फोटोपुरती काढावी लागेल. धार्मिक कारणाने रोज डोकं झाकणाऱ्यांनाच तिथे सूट आहे. आईच्या कुंकवाला कोणाची हरकत नसते.

फी आणि तारीख

फी माणशी १८५ डॉलर, जून २०२३ पासून. भरायची रुपयांत, वकिलातीने ठरवलेल्या दराने. व्हिसा मिळो न मिळो, पैसे परत येत नाहीत. पावती ३६५ दिवस चालते, तेवढ्यात तारीख घ्यायची. २०२५ च्या एका कायद्याने ‘व्हिसा इंटिग्रिटी फी’ म्हणून आणखी २५० डॉलर ठरवले आहेत. अर्ज करतेवेळी त्याची काय स्थिती आहे ते अधिकृत साइटवर बघून घ्या.

तारखा यूएस व्हिसा शेड्युलिंग या साइटवर मिळतात. दोघांना एकाच ग्रुपमध्ये घाला, म्हणजे एकाच वेळी, एकाच खिडकीवर जाता येतं. एकमेकांच्या आधाराने बोलणाऱ्या जोडप्याला ते फार सोयीचं. दोन तारखा घ्यायच्या असतात : एक व्हिसा अॅप्लिकेशन सेंटरवर ठसे आणि फोटोसाठी, दुसरी मुलाखतीसाठी. २०२५ पासून तारीख विनाखर्च एकदाच बदलता येते, त्यानंतर फी पुन्हा भरावी लागते. बारशाचा मुहूर्त, भाचीचं लग्न, कापणी, सगळं पाहूनच तारीख पक्की करा.

कोविडनंतर २०२२ मध्ये मुंबईत पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांना दोन वर्षांपलीकडच्या तारखा दिसत होत्या. आता ती स्थिती नसली तरी ‘लवकरची तारीख काढून देतो’ म्हणणारे दलाल अजून आहेत. मार्च २०२५ मध्ये अमेरिकी दूतावासाने बॉट वापरून घेतलेल्या सुमारे २,००० अपॉइंटमेंट रद्द केल्या. लांबची मिळाली तरी तारीख घ्या, आणि मग लवकरची दिसते का ते स्वतःच अधूनमधून बघत राहा.

भारतात मुलाखती पाच ठिकाणी होतात : दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता आणि हैदराबाद. महाराष्ट्र आणि गोवा मुंबईकडे येतात, पण तारीख पाचांपैकी कुठेही घेता येते. नांदेड-लातूरकडच्यांना, नागपूरकरांनाही हैदराबाद जवळ पडतं, तिथे तारीख लवकर दिसली तर मोह होतो. आई-बाबांना हिंदी किंवा इंग्रजी सराईत येत असेल तर खुशाल जा. मराठीच येत असेल तर मुंबईच बरी. तिथे मराठीत मुलाखत देता येते. हैदराबादला ती सोय गृहीत धरू नका.

कागद : थोडेच

लागतात ते एवढेच : पासपोर्ट, जुने पासपोर्ट, डीएस-१६० चं कन्फर्मेशन, अपॉइंटमेंटचं पत्र, फोटो. बाकी सगळं ‘मागितलं तर’ या सदरातलं. त्यात पेन्शनची कागदपत्रं, बँकेचं पासबुक किंवा एफडीच्या पावत्या, घराचे कागद, ७/१२ उतारा ठेवा. तुमच्या पासपोर्टची प्रत आणि नोकरीचं पत्र असू द्या. सीएकडून हजारो रुपये मोजून मालमत्तेचं मूल्यांकन करून घेण्याची गरज मला दिसत नाही; बहुतेक वेळा अधिकारी फाइल उघडायलाही सांगत नाही.

आय-१३४ म्हणजे खर्चाची हमी देणारा फॉर्म. व्हिजिटर व्हिसाला तो बंधनकारक नाही. आमंत्रणपत्राचंही तेच. अमेरिकेचं परराष्ट्र खातं स्पष्ट सांगतं की अर्जदाराची पात्रता त्याच्या मायदेशातल्या घरावरून आणि बांधिलकीवरून ठरते, अमेरिकेतल्या नातेवाइकांच्या हमीवरून नाही. आमदारांच्या पत्राची सवय असलेले आपण इथे सिनेटरच्या कार्यालयाकडे धाव घेतो. ते चौकशी करू शकतात. निर्णय अधिकाऱ्याचाच राहतो.

ठसे, मग मुलाखत

व्हिसा सेंटरवर दहाही बोटांचे ठसे आणि फोटो घेतात. काम थोड्या वेळाचं. शेतात राबलेल्या हातांचे ठसे कधी कधी पहिल्या फटक्यात उमटत नाहीत, ते परत घेतात; घाबरायचं कारण नाही. जाण्याआधी बोटांच्या टोकांना मेंदी लावायची टाळा.

मुंबईची वकिलात २०११ मध्ये ब्रीच कँडीहून वांद्रे-कुर्ला संकुलात गेली. वांद्रे किंवा कुर्ला स्टेशनवरून रिक्षा-टॅक्सी मिळते. ऑक्टोबर २०२४ पासून मेट्रो ३ चं बीकेसी स्टेशनही झालं आहे. कोल्हापूर-सांगलीकडून रात्रभर बसने येऊन थेट रांगेत उभं राहण्यापेक्षा आदल्या दिवशी नातेवाइकाकडे उतरा. आत मोबाइल, स्मार्ट घड्याळ, मोठी पिशवी चालत नाही. फोन बरोबर आलेल्या माणसाकडे द्या. त्याला आत सोडत नाहीत, म्हणून बाहेर पडल्यावर कुठे भेटायचं ते आधीच ठरवून ठेवा, कारण तेव्हा हातात फोन नसणार.

आणि आता मुलाखत. इथे आपल्या आई-बाबांना अडचणीत आणतो तो त्यांचा संकोच. चारचौघांत स्वतःबद्दल वाढवून बोलायचं नाही, हे अंगात इतकं मुरलेलं असतं की खिडकीसमोर ते स्वतःला शून्य करून टाकतात. नमुना बघा :

“मुलाकडे किती दिवस राहणार?”
“तो म्हणेल तितके.”
“इथे कोण आहे तुमचं?”
“आता आमचं काय, सगळं मुलांचंच.”
“पेन्शन किती मिळते?”
“आहे थोडीफार.”

आपल्या कानाला ही उत्तरं किती गोड लागतात! अधिकारी मात्र यातून ऐकतो की परतीची तारीख नाही, इथे गुंतवून ठेवणारं काही नाही, आणि पैशाचा पत्ता नाही. हेच बाबा गावात एक एकर द्राक्षबाग सांभाळून असतात, सोसायटीचे सेक्रेटरी असतात, धाकटा मुलगा शेजारच्या गल्लीत राहत असतो, महिन्याला व्यवस्थित पेन्शन येत असते. हे सगळं खरं असतं, फक्त ते सांगत नाहीत.

म्हणून सराव पाठांतराचा नको, नेमकेपणाचा हवा. “दहा आठवडे. ऑक्टोबरमध्ये परत येणार, बागेची छाटणी असते.” “धाकटा मुलगा सांगलीत आमच्याबरोबरच राहतो.” “पेन्शन महिन्याला अमुक हजार.” आकडा स्पष्ट सांगायचा. मुलगा कुठल्या शहरात, काय काम करतो, तिथे किती वर्षं आहे, नातवंडं किती वयाची, एवढं दोघांनाही माहीत असावं. आईला प्रश्न विचारला तर बाबांनी उत्तर द्यायचं नाही. हे मात्र घरी बजावूनच पाठवा. प्रश्न समजला नाही तर ‘परत विचाराल का?’ म्हणणं बिनधास्त चालतं. न विचारलेलं सांगत बसायचं नाही.

बाळंतपणासाठी जायचं असेल तर? खरं सांगा. लेकीच्या बाळंतपणात आई जवळ असणं हे भेटीचं सरळ, समजण्यासारखं कारण आहे. घोटाळा होतो तो ‘बाळ सांभाळायला चालले, तिला नोकरीवर जायचंय’ असं म्हटल्यावर, कारण पगारी आया ठेवण्याऐवजी आई येतेय असा अर्थ त्यातून निघू शकतो. व्हिजिटरला काम करता येत नाही, मुलाच्या दुकानात गल्ल्यावर बसणंसुद्धा नाही. लेक किती रजा घेणार आहे, जावई काय करणार आहे, हे आईला ठाऊक असलं की उत्तर आपोआप नीट येतं.

निकाल

व्हिसा मंजूर झाला तर पासपोर्ट आतच ठेवून घेतात आणि काही दिवसांनी केंद्रावरून किंवा घरपोच मिळतो. मिळाल्यावर नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर तपासा. भारतीयांना साधारणपणे दहा वर्षांचा, कितीही वेळा जाता येणारा व्हिसा देतात. तिकीट त्यानंतरच काढा, आधी नाही.

२२१-जी ची चिठ्ठी मिळाली तर कागद कमी आहे किंवा अजून तपासणी चालू आहे. चिठ्ठीवर लिहिलं असेल तेवढं करायचं आणि वाट पाहायची. २१४-बी खाली नाकारलं तर पासपोर्ट लगेच परत हातात येतो. यावर अपील नाही. अर्ज मात्र पुन्हा करता येतो, नवी फी भरून, कधीही. पण दुसऱ्याच आठवड्यात तोच फॉर्म, तीच उत्तरं घेऊन गेलात तर निकाल बदलायचं कारण काय? आई-बाबांकडून ‘काय विचारलं, तू काय म्हणालास’ हे त्याच दिवशी शब्दशः लिहून घ्या. दोष बहुधा तिथेच सापडतो. आणि हो, त्यांना दोष देऊ नका. दोन मिनिटांत नकार ऐकून भर उन्हात बाहेर आलेल्या माणसाला आधी चहा पाजावा.

निघण्याआधी

व्हिसासाठी विमा सक्तीचा नाही, पण विम्याशिवाय सत्तरीतल्या माणसाला इथे आणणं म्हणजे जुगार आहे. मेडिकेअर पाहुण्यांना मिळत नाही. व्हिजिटर विम्यात दोन प्रकार : एकात प्रत्येक उपचाराला ठरलेलीच रक्कम मिळते, दुसऱ्यात ठरावीक मर्यादेपर्यंत बिलाचा मोठा हिस्सा भरला जातो. पहिला स्वस्त, पण इथल्या हॉस्पिटलच्या बिलापुढे त्याची रक्कम किरकोळ ठरते. मी दुसराच घ्यायला सांगेन. बीपी-शुगर असलेल्यांसाठी ‘अॅक्यूट ऑनसेट’ ही ओळ शोधा : जुना आजार अचानक उफाळला तर काय देणार, कोणत्या वयापर्यंत देणार. सत्तरीनंतर मर्यादा झपाट्याने खाली येतात.

औषधं मूळ पाकिटांत ठेवा आणि डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी बरोबर घ्या, ब्रँडऐवजी औषधाच्या मूळ नावासह. औषधं हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून घ्या. बाबा ‘मला काय झालंय?’ म्हणतील, पण लांबलचक विमानतळ आणि इमिग्रेशनच्या रांगा पार करताना तीच कामाला येते.

खाऊचं म्हणाल तर पापड, मसाले, चकली-शंकरपाळे चालतात. ताजी फळं, भाज्या, मांस, बियाणं नाही. कढीपत्ताही नाही. हापूसची पेटी नाही. आंबेमोहरची पिशवीसुद्धा नाही, कारण खाप्रा किडीमुळे भारतातून प्रवासी सामानात तांदूळ आणायला बंदी आहे. जे काही आणलंय ते विचारल्यावर सांगून टाकायचं. सांगितलं तर फार तर काढून घेतात. लपवलं तर दंड.

उतरल्यावर

व्हिसा दहा वर्षांचा असला तरी किती राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, बहुधा सहा महिने. तिथेही तेच प्रश्न आणि तीच साधी उत्तरं. तुमचा पत्ता आणि फोन कागदावर लिहून आईच्या पर्समध्ये ठेवा. घरी आल्यावर आय-९४, म्हणजे प्रवेशाची सरकारी नोंद, ऑनलाइन काढून त्यावरची तारीख पाहा. मुक्कामाची मुदत ती. व्हिसावर छापलेली नव्हे. गैरसमजातून राहून गेलेले लोक दरवर्षी निघतात.

मुदत संपल्यावर एक दिवस जरी जास्त राहिलं तरी तो व्हिसा रद्द ठरू शकतो. १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहून परत गेल्यास तीन वर्षं, आणि एक वर्ष किंवा त्याहून जास्त राहिल्यास दहा वर्षं पुन्हा प्रवेश नाही. आजारपण आलं, डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं, तर मुदत संपण्याच्या बरंच आधी आय-५३९ भरून मुदतवाढ मागा. ‘बर्फ पडतंय, थंडी ओसरल्यावर जाऊ’ हे कारण लिहू नका.

सहा महिने राहून, दोन महिने गावी जाऊन परत सहा महिन्यांसाठी आले, की विमानतळावर प्रश्न सुरू होतात : तुम्ही राहता नेमकं कुठे? वर्षातून सहा महिने हक्काचे, असा कुठलाही नियम नाही. जितके दिवस इथे राहिले, निदान तितके तरी तिकडे घालवावेत असं मी सगळ्यांना सांगतो.

पासपोर्टची मुदत आधी संपली तरी त्यातला व्हिसा चालू राहतो. जुना आणि नवा दोन्ही बरोबर ठेवायचे. व्हिसा नवा करताना पूर्वी ८० वर्षं पूर्ण केलेल्यांना मुलाखतीतून सूट होती, ती २ सप्टेंबर २०२५ पासून गेली. आता पूर्ण मुदतीचा बी-१/बी-२ व्हिसा संपून बारा महिने झाले नसतील तरच मुलाखतीशिवाय अर्ज होऊ शकतो, तोही वकिलातीने मान्य केला तर. तेव्हा व्हिसा संपण्याची तारीख तुमच्या स्वतःच्या फोनमध्ये टाकून ठेवा. आई-बाबांच्या डायरीत ती सापडणार नाही.